कोपऱ्यात कोणाला उभं करायचं?

(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली, प्रसाद अजून व्हायचा आहे, आणि या दोन्हींच्या मध्ये मला उभं केलंय. म्हणजे लोक उठून जाणार नाहीत एवढी सोय मंडळाने केलेली आहे. त्याबद्दल सचिवांचे आभार.

मी काही वक्ता नाही. पस्तीस वर्षांपूर्वी इचलकरंजीकडून नोकरीसाठी बंगळूरला आलो, दूरवाणीनगरच्या बाजूला खोली घेतली आणि इथलाच झालो. तेव्हा टिन फॅक्टरीच्या चौकातून चालत रस्ता ओलांडता यायचा. आज झुलता पूल आहे, त्याच्या बाजूने मेट्रो आहे, तरी ओलांडता येत नाही, ते सोडा. गेली बारा वर्षं मी आपल्या मुलांना कबड्डी शिकवतो हे तुम्हाला ठाऊक आहे. पहाटे साडेसहाला मैदानावर चुन्याच्या रेषा मारणारा म्हातारा तो मीच. आज त्या मैदानावरची एक गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे आणि शेवटी मंडळाकडे एक मागणं मागायचं आहे.

गोष्टीची सुरुवात मात्र लीड्सला होते.

माझी मुलगी आणि जावई तिकडे असतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता गेलो होतो. जावयांनी एका संध्याकाळी हेडिंग्लीला नेलं. मला वाटलं क्रिकेट. तिथे क्रिकेटच्या मैदानाला पाठ लावून दुसरं मैदान आहे आणि त्यावर रग्बी लीग चालते. दहा मिनिटं काही कळेना. मग एकदम कळलं. एक माणूस चेंडू घेऊन समोरच्या भिंतीत घुसतो, तीन-चार जण त्याला धरून जमिनीवर पाडतात, तो उठतो आणि पुन्हा तेच. सहा वेळा पकडले गेलात की चेंडू समोरच्यांना द्यायचा. मी बायकोला म्हटलं, "अगं, ही आपली पकडच आहे! फक्त दम घुमवत नाहीत."

या खेळाचा इतिहास आपल्याला जवळचा वाटावा असा आहे. 1895 साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडमधल्या बावीस क्लबांनी वेगळं व्हायचं ठरवलं. कारण काय, तर खेळाडू खाणीत आणि गिरणीत काम करणारे. शनिवारी सामन्याला गेलं की पगार कापला जायचा. तो भरून द्यावा अशी मागणी होती आणि दक्षिणेकडच्या साहेब मंडळींना ती मान्य नव्हती. आपल्याकडे लालबाग-परळच्या गिरणगावात कबड्डी रुजली ती अशाच लोकांत. पाळी संपली की चाळीच्या अंगणात हुतूतू. गिरणीचा भोंगा आणि सांघिक खेळ यांचं काहीतरी नातं असावं, असं मला वाटतं.

त्यांच्यात तेरा खेळाडू असतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. पाठीवरचा आकडाच जागा सांगतो. एक नंबर म्हणजे सगळ्यात मागचा राखणदार, सहा आणि सात म्हणजे डाव रचणारे हाफबॅक, आठ आणि दहा म्हणजे भिंतीला टक्कर देणारे धिप्पाड प्रॉप. जावयांचे एक शेजारी तिथल्या मुलांच्या संघाला शिकवतात. गप्पांत ते म्हणाले, आमच्याकडे टक्कर देणारी मुलं हवी तेवढी मिळतात. डाव रचणारं पोर मिळत नाही. मोठे क्लबसुद्धा त्या जागेसाठी ऑस्ट्रेलियाकडे बघतात. ब्रिटनने ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका शेवटची जिंकली ती 1970 साली, हे त्यांनी इतक्या दुःखाने सांगितलं की मला आपल्या हॉकीची आठवण झाली.

मी विचारलं, का मिळत नाही? ते म्हणाले, बारा-तेरा वर्षांच्या मुलांतून निवड करताना आमचं लक्ष अंगापिंडाकडे जातं. त्या वयात जो आधी वाढला तो उठून दिसतो. त्याला चेंडू द्या, चार जणांना ओढत तो गुण करतो. त्याला डोकं लावावंच लागत नाही. आणि ज्याला अंग नाही म्हणून डोकं लावावं लागतं, तो बाकावर बसतो आणि दुसऱ्या वर्षी येतच नाही. लीड्सच्याच अभ्यासकांनी हे तपासलेलं आहे. वयोगटाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलं निवडीत जास्त आणि शेवटच्या महिन्यांत जन्मलेली कमी. कारण एकच, दहा-अकरा महिन्यांचा फरक त्या वयात हातभर दिसतो.

त्यांनी रॉब बरोचं उदाहरण दिलं. उंची पाच फूट पाच इंच. सुपर लीगमधला सगळ्यात लहान चणीचा खेळाडू म्हणून त्याची ख्याती होती. लीड्सकडून 2001 ते 2017 खेळला आणि आठ वेळा विजेतेपदाच्या संघात होता. 2011 च्या अंतिम सामन्यात बदली म्हणून उतरला आणि मोठमोठ्या धटिंगणांच्या मधून जो निसटत गेला, ते जावयांनी मला घरी चारदा दाखवलं. आधी तो सात नंबरला, म्हणजे स्क्रम-हाफला खेळायचा. पुढे हूकरच्या जागी गेला. जागा बदलली तरी खेळ चालला, कारण खेळ समजलेला होता. पुढे त्याला मोटर न्यूरॉनचा आजार झाला आणि 2024 च्या जूनमध्ये तो गेला. लीड्स गावाने त्याच्यावर घरच्या मुलासारखी माया केली.

हे सगळं ऐकताना मला मान वर करता येत नव्हती. कारण ते शेजारी जे सांगत होते, ते मी स्वतः केलेलं होतं.

आता इकडे, आपल्या मैदानावर येतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वी आपल्याकडे एक मुलगा आला. नाव सांगत नाही, सभेत बसलेल्या काहींना कळेलच. तेरा वर्षांचा, बाकीच्यांपेक्षा डोकंभर उंच, वजन त्रेपन्न किलो. मी बघितलं आणि ठरवून टाकलं, डावा कोपरा. त्याने एकदा घोटा धरला की समोरचं पोर हलायचं नाही. त्या वर्षी आपण आसपासच्या तीन स्पर्धा जिंकल्या. त्या ढाली अजून मंडळाच्या कपाटात आहेत. मी खूष, पालक खूष, मंडळ खूष. वर्षभरात त्या मुलाला मी एकदाही चढाईला पाठवलं नाही. त्याने दोनदा विचारलं होतं. मी म्हटलं, "तुझं काम ते नाही बाळा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कबड्डीत वयाबरोबर वजनाचीही अट असते. किशोर गट म्हणजे सोळा वर्षांपर्यंत आणि पंचावन्न किलोपर्यंत. कुमार गट वीस वर्षांपर्यंत, सत्तर किलोपर्यंत. पुरुषांत पंच्याऐंशी. हा मुलगा चौदाव्या वर्षी पंचावन्नच्या वर जायला लागला. मग मी काय केलं? स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याला जेवू दिलं नाही. दोन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. वजनकाट्यावर उतरला, पास झाला, आणि सामन्यात दुसऱ्या अर्ध्यात चक्कर येऊन खाली बसला. चौदा वर्षांचं वाढतं पोर, त्याला मी उपाशी ठेवलं. त्याच्या आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही, याचंच जास्त वाईट वाटतं.

पुढच्या हंगामात वजन एकसष्ट. किशोर गट बंद. कुमार गटात समोर अठरा-एकोणीस वर्षांची मुलं. आता तो उंच नव्हता की ताकदवानही नव्हता. ताकदीने घोटा धरणं एवढंच त्याला येत होतं, आणि आता ताकद समोरच्याकडे होती. पाय बघायचा कसा, कधी थांबायचं, चढाई करणारा हुलकावणी देतोय की खरंच बोनसला येतोय, हे ओळखायला मी त्याला शिकवलंच नव्हतं. गरजच पडली नव्हती ना! चढाई तर कधी केलीच नव्हती. चार सामने खेळला आणि यायचा बंद झाला. आज चांगल्या नोकरीत आहे, रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो. पण मैदानाच्या बाजूने जात नाही.

आता जागांबद्दल थोडं तपशिलात बोलतो, कारण मैदानात सात जण हात धरून उभे असतात, त्यात काय वेगळं, असं पुष्कळांना वाटतं.

कोपरारक्षक म्हणजे टोकाचा. त्याचं निम्मं काम वाट बघण्याचं. चढाईपटू आत येतो, पाय पुढे टाकतो, मागे घेतो, परत टाकतो. कोपऱ्यातल्याने त्या प्रत्येक पावलावर झेप घेतली तर तो दोन मिनिटांत बाहेर. त्याला बसकण लागते, नजर लागते आणि स्वभाव शांत लागतो. जोर त्यानंतर. त्याच्या आतल्या बाजूचा मध्यरक्षक वेगळा. त्याला धडक मारून रेषेबाहेर काढायचं असतं किंवा परतीची वाट अडवायची असते. कोपऱ्याने घोटा धरला आणि मध्यरक्षक पापणी लवेपर्यंत पोचला नाही, तर चढाईपटू एकाला ओढत मध्यरेषेला हात लावतो, की गुण त्यांचा. म्हणून या दोघांची जोडी नवरा-बायकोसारखी असावी लागते, न बोलता कळलं पाहिजे. (इथे हशा होईल असं वाटलं होतं. असो.)

आणि चढाईपटू. तीस सेकंद, एकटा, समोर सात. त्याला वेग लागतो हे सगळे सांगतात. मला विचाराल तर आधी मोजदाद लागते. समोर किती उरलेत, बोनस मिळतो का (तो सहा किंवा जास्त असतील तरच), ही कितवी रिकामी चढाई, तिसरी असेल तर गुण आणलाच पाहिजे नाहीतर स्वतः बाद. हे सगळं दम घुमवत घुमवत डोक्यात चालू ठेवायचं. गणितात नापास होणारी मुलं हे हिशेब बिनचूक करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि कबड्डी घरोघरी गेली. फार चांगलं झालं. पण टीव्हीवर कॅमेरा चढाईपटूच्या मागे फिरतो. आपल्या बंगळूर बुल्सकडून पवन सेहरावतने 5 जानेवारी 2019 च्या अंतिम सामन्यात एकट्याने चढाईत बावीस गुण घेतले, तेव्हापासून मैदानावर आलेलं प्रत्येक पोर पहिल्या दिवशी म्हणतं, "अंकल, नानु रेड माडतीनि." मीच रेड करणार. कानडी असो, मराठी असो, तमिळ असो, वाक्य तेच. पवनचंच बघा ना, आदल्या हंगामात तो गुजरातकडे होता आणि त्याला फारसं खेळवलंच नव्हतं. योग्य जागी, योग्य वेळी उभं करणारा कोणी मिळावा लागतो.

अंगावरून जागा ठरवायची तर आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई सरळ पकडीत गेला असता. एवढा मोठा देह, लोक त्याला बाहुबली म्हणतात. पण तो चढाईपटू झाला, आणि 2019 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी एक कोटी पंचेचाळीस लाख मोजले. दुसरीकडे गिरीश इर्नाकने डाव्या कोपऱ्यात नाव कमावलं, विशाल मानेने मध्यरक्षक म्हणून. त्यांचे फोटो कोणी खोलीत लावत नाही. मी पोरांना मुद्दाम त्यांच्या पकडी दाखवतो.

शिकवण्याबद्दल मला सगळ्यात जास्त शहाणपण कोणाकडून मिळालं असेल, तर नाशिकच्या शैलजा जैन यांच्याकडून. प्रत्यक्ष भेट नाही, वाचून आणि बघून. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपला पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून हरला आणि महिला संघ अंतिम सामन्यात इराणकडूनच 27-24 असा हरला. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक या आपल्या जैनबाई. परक्या देशात गेल्या, फारसी शिकल्या, मुलींना योग-प्राणायाम करायला लावला. आपण हरलो याचं दुःख झालंच. पण मुलींना ओळखायला आधी त्यांची भाषा शिकावी लागते, ही गोष्ट मी लिहून ठेवली. मी पस्तीस वर्षं इथे राहून मोडकी कानडी बोलतो. मुलं हसतात, पण आता मी प्रयत्न सोडत नाही.

लीड्सहून परतल्यावर मी एक दोनशे पानी वही केली. प्रत्येक मुलाचं एक पान. सात जागा, आणि दर तीन-चार आठवड्यांनी जागा बदल. चौदा वर्षांच्या आतल्या कोणाचीही जागा पक्की नाही. आठवड्यातून एक दिवस उलटा, म्हणजे चढाईवाले पकडीत आणि पकडीवाले चढाईला. वजन मी महिन्यातून एकदा लिहितो, ते फक्त वाढ नीट होते आहे का बघायला. कोणाला उपाशी ठेवणं बंद. गट सुटला तर सुटला.

याचा परिणाम काय झाला? पहिला परिणाम असा की आपण गेल्या दोन स्पर्धा हरलो. एक तर पहिल्याच फेरीत. पालकांची नाराजी माझ्यापर्यंत पोचली आहे. काहींनी समोर सांगितली, काहींनी मेट्रोत. एक भाऊ म्हणाले, "काका, हातात जिंकणारा संघ असताना प्रयोग कशाला?" त्यांचं चूक आहे असं मी म्हणत नाही. पोरं रडत घरी आली की आईबापाला वाईट वाटणारच.

दुसरा परिणाम हळू दिसतो. एक काटकुळा मुलगा आहे, त्याला आम्ही सगळे चढाईपटू समजत होतो, कारण हलका आणि चपळ. पण मध्यरेषा ओलांडली की घाबरायचा, आवाज बंद. वहीच्या क्रमाने त्याला कोपऱ्यात उभं केलं, तर पोरगं खाली बसून मांजरासारखं पाय बघत राहिलं. चार चढाया काही केलं नाही. पाचव्याला घोटा धरला. मी विचारलं, आधी का नाही धरलास? म्हणाला, "काका, तो उजवा पाय खोटा टाकत होता." हे मी शिकवलेलं नव्हतं. सगळ्याच पानांवर असं काही लिहिता आलेलं नाही, हेही सांगतो. काही मुलं सात जागा फिरून सातही ठिकाणी सारखीच गोंधळली आहेत.

गेल्या वर्षी एक वहिनी आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन मैदानावर आल्या. मी ओळखलं. त्याच मुलाची आई. मुलगी भावासारखीच उंच. वहिनींनी मला एवढंच विचारलं, "काका, हिलाही कोपऱ्यातच उभी करणार का?"

मी वही दाखवली. त्यांनी ती उभ्या उभ्या दोन-तीन पानं वाचली आणि मुलीला म्हणाल्या, जा. सध्या ती मध्यरक्षक आहे, तिला ते मुळीच आवडत नाही, आणि चढाईची पाळी कधी येते म्हणून रोज विचारते. पुढच्या महिन्यात येईल.

आता माझं मागणं. उत्सवात आपण मुलांची कबड्डी स्पर्धा घेतो. तिचे नियम आपल्याच हातात आहेत, कोणत्या संघटनेला विचारावं लागत नाही. माझी विनंती अशी की चौदा वर्षांखालच्या गटात यंदापासून दोन नियम घालावेत. एक, प्रत्येक मुलाने सामन्यात किमान दोन चढाया केल्याच पाहिजेत. दोन, मध्यंतरानंतर कोपऱ्यातल्यांनी आत यावं आणि आतल्यांनी कोपऱ्यात जावं. सामने थोडे विस्कळीत होतील. बघायला मजा कमी येईल, विशेषतः ज्यांना टीव्हीची सवय आहे त्यांना. ढाल कदाचित दुसऱ्याच संघाला जाईल. कार्यकारिणीत यावर दोन मतं आहेत, हे मला माहीत आहे. विरोधाची मतंही सभेत मोकळेपणाने मांडावीत, मी उत्तर द्यायला तयार आहे.

सराव दर शनिवारी-रविवारी सकाळी साडेसहा ते आठ. मुली-मुलगे दोघेही. बूट लागत नाहीत, आपलं मैदान मातीचं आहे. येताना पोटभर नाश्ता नको, पण उपाशीही पाठवू नका. एक केळं पुरे.

प्रसाद तयार आहे असं मागून खुणावतायत.